ह्यांच्या फोनमधल्या फेऱ्या

मंगळवार, दिवेलागणीनंतर

चालणं नोंदवायचं ॲप अखेर ठरलं. एकाचा नकाशा देखणा, पण त्यात आजपासूनचंच चालणं दिसणार. दुसरं साधंच, मात्र जुन्या फोनमधल्या वाटा त्यात घेता येतात. तेच घेतलं. आम्ही फिरायला जाताना फोन एकच न्यायचो, ह्यांच्या शर्टाच्या खिशात. त्यामुळे माझं इतक्या वर्षांचं चालणं ह्यांच्या नावावर. हे गेले आणि माझा नकाशा कोरा.

लेक म्हणाली, "आई, पावलं तुझीपण आहेतच की. घे तुझ्या नावावर."

मी नातेपुत्याला ताईकडे होते ते आठ दिवस मात्र काढायचे ठरवलं. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालू नये.

ते दिवस उघडले. सिद्धेश्वर तलावाला रोज तीन फेऱ्या! माझ्याबरोबर नेहमी एकच. "बसू या गं, दमलो," म्हणायचे. मी चिडवायचे, "लई लवकर म्हातारे झालात की!" गुडघा माझा दुखायचा. मी कधी बोलले नव्हते. कसं कळलं असेल?

"पुसू ना हे?" लेकीनं विचारलं.

"राहू दे. त्यांचं नाव घालून ठेव."