खोली नंबर सातमधले नऊ दिवस

१८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ४.१०
भंडारा. बसस्टँडमागचा लॉज, खोली नंबर सात. पोचलो. एकटा.

मागच्या दिवाळीत तृप्तीताई सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होती, भूपेंद्र, तुला साधा चहा करता येत नाही, तू एकटा चार दिवस राहून दाखव. चार कशाला? नऊ दाखवतो. यंदा नाशिक नाही, फराळ नाही, भाऊबीज नाही. साठ लिटरची सॅक, छोटा स्टोव्ह आणि मी.

नियम ठरवले. कोणाच्या घरी जायचं नाही. स्वतःचं स्वतः शिजवायचं. कामापुरतंच बोलायचं. घरी फोन नाही. एवढे चार बास. जास्त नियम केले की पाळले जात नाहीत.

लॉजच्या रजिस्टरमध्ये घरच्या कोणाचा तरी नंबर लागतो. ताईचा दिला. मॅनेजर पुंडलिकराव म्हणाले, दिवारीले एकटेच काहून आले जी, घरी भांडन झालं का? मी म्हटलं, सोलो बॅकपॅकिंग. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. इकडे असा माणूस त्यांनी पाहिला नसणार.

रात्री ८.३०
गॅसचा डबा रेल्वेत चालत नाही म्हणून आणलाच नव्हता. इथे घ्यायचा होता. दुकानं धनत्रयोदशीच्या गर्दीत. स्टोव्ह आहे, गॅस नाही. पुंडलिकरावांनी घरून डबा मागवला. वडाभात. खाल्ला. नियम दोन मोडलेला नाही, कारण शिजवायची माझी तयारी होती.

१९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी कारधाच्या पुलाकडे चालत गेलो. वैनगंगेकाठी दोन तास स्वतःसोबत बसायचं ठरवलं होतं. अकरा मिनिटं बसलो. मग धुणं धुणाऱ्या एका बाईंनी हटकलं. काहून बसले जी असे? तब्येत बरी हाय ना? मी म्हटलं, एकटं बसायचंय. त्यांनी पुलावरच्या माणसाला हाक मारली. त्याने आणखी दोघांना. सगळे माझ्या आणि पाण्याच्या मधोमध उभे राहिले. एकाने नोकरी आहे का विचारलं, एकाने बायको सोडून गेली का विचारलं. शेवटी त्यातल्याच एकाने लॉजच्या दारात आणून सोडलं आणि पुंडलिकरावांना सांगून गेला, यायले नदीकडं एकटं नका सोडू.

उद्यापासून नदी नको. एकांत खोलीतही मिळतो.

२० ऑक्टोबर, सोमवार
माझी कीर्ती पसरते आहे. पुंडलिकराव सकाळीच वही घेऊन आले. सोबत त्यांच्या पत्नी ललिताबाई. माझी मुलाखतच झाली म्हणायला हरकत नाही. उंची किती, शिक्षण काय, इन्शुरन्समधली नोकरी पर्मनंट का, घर स्वतःचं का, चष्म्याचा नंबर किती. मूळ गाव विचारलं. म्हटलं, आजोबा पवनीजवळच्या आसगावचे. ललिताबाई टाळी वाजवून म्हणाल्या, अगा माय, हे तं आपलेच निंगाले! मग फोटो काढला. मी सॅक पाठीवर घेतली तर पुंडलिकराव म्हणाले, ते बोजं ठेवा जी बाजूले, अन् केस विंचरा.

एका बॅकपॅकरबद्दल इतकी आस्था नाशिकमध्ये कधी दिसली नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
संकल्प: आज खोलीबाहेर पडायचं नाही.
संध्याकाळी ५.१०: बसलो.
५.३०: पंखा मोजून तीन सेकंदांत एक फेरी घेतो.
५.४५: खालून अनारशांचा वास.
५.५०: काडेपेटी मागायला खाली गेलो. पुंडलिकरावांचं घर मागच्याच गल्लीत. काडेपेटी घरात होती म्हणून घरात जावं लागलं. मग जेवून, त्यांच्या अंगणात फुलबाज्या उडवून आलो. काडेपेटी तिथेच राहिली.

नियम एक बदलला: कोणाच्या घरी *विनाकारण* जायचं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
काल काही लिहिलं नाही. पत्ते खेळत होतो.

आज ललिताबाईंचा भाऊ सुरतहून येऊ शकला नाही. त्या ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. या जी भाऊ, बसा पाटावर. नियमांबद्दल सांगणार होतो, पण निरांजन आधीच पेटलेलं होतं. त्यांनी ओवाळलं. डोळ्यांत पाणी आलं. निरांजनाचा धूर फार होता.

तृप्तीताईने फोन केला नाही. बरंच झालं. मी उचललाच नसता. दिवसभर फोन हातात होता तो वेळ बघायला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
पत्ते.

पुंडलिकराव म्हणाले, उद्या एकोडीले मंडई हाय, माह्या बहिनीच्या गावाले, चाला. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची इकडची जत्रा. दुकानं, दंडार म्हणजे इकडचं लोकनाट्य, नाटक, घरोघरी पाहुणे. मी म्हटलं, येईन, पण एकटा फिरेन. ललिताबाईंनी माझा शर्ट इस्त्रीला नेला.

२५ ऑक्टोबर, शनिवार. सायंकाळ
एकोडी. कापलेल्या धानाच्या बांध्या, तळं, उकडलेले शिंगाडे. गर्दीत एकटा फिरणारच होतो, पण आधी पुंडलिकरावांच्या बहिणीकडे पोहे. ओटीवर सात-आठ वडीलधारी माणसं माझीच वाट बघत बसलेली. बहिणीची मुलगी भावना स्वतः पोहे घेऊन आली. नर्स आहे, अहेरीकडे पोस्टिंग. समोर बसली आणि मला सरळ विचारलं, तुमाले एकटं राहाता येते का? सैपाक येते का?

इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी खुललो. एकांत, स्वावलंबन, स्टोव्ह, सगळं सांगितलं. माणसाला माणसाची गरज नसते, इथपर्यंत गेलो. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिचे डोळे फार शांत आहेत. हे प्रवासवर्णन म्हणून लिहितोय.

तेवढ्यात पुंडलिकरावांनी माझी बाजू घेतली. अजी, स्वभावानं येकदम मनमिळाऊ! आठ दिवसांत येक टाइम एकटे नाई जेवले. हाक माराच्या आंधी हजर. अन् तो इस्टो तं अजून पेटवलाच नाई.

सगळे खूश होऊन हसले. भावनाही हसली आणि ताट उचलून आत गेली.

परतताना गाडीत मी विचारलं, इकडे सगळ्या पर्यटकांना असे पोहे देतात का? पुंडलिकराव म्हणाले, भाऊ, मंडईतच तं सोयरिकी जुडतेत आमच्याकडं. पोरगी पाहून रायलो होतो न आपन.

रस्ताभर मी बोललो नाही. नियम तीन, पहिल्यांदाच पाळला. लॉजवर येऊन केस विंचरले. का, माहीत नाही. तिने हो म्हटलं तर? स्वयंपाक शिकता येईल. महिनाभरात वरण तरी जमेल.

२६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी, वरठी स्टेशन
पुंडलिकराव आणि ललिताबाई सोडायला आले होते. पुंडलिकराव सॅकचा पट्टा धरून घुटमळत होते. शेवटी सांगितलं. भावनाचा निरोप आला होता: मानूस लय चांगला हाय मामा, पन मी महिन्यातून दोनदा घरी येनार. याले एकटं राहाता येत नाई.

ललिताबाई रडल्या. मी त्यांना समजावलं की मी सोलो बॅकपॅकर आहे, मला काही फरक पडत नाही. त्यांनी डबा दिला. दोन माणसांचा होता.

संध्याकाळी ५.४०, गाडीत
ताईचा फोन. पुंडलिकराव तिला पहिल्या दिवसापासून रोज फोन करत होते. वडाभात, नदी, ओवाळणी, पोहे, नकार, सगळं तिला ठाऊक. आता हसेल म्हणून थांबलो. हसली नाही. म्हणाली, भाऊबीजेचं ताट ठेवलंय तसंच, घरी ये.

तिला सांगितलं, येतो, पण नवव्या दिवसाची रात्र माझी अजून शिल्लक आहे, ती एकट्याने काढायचीय. फोन ठेवला. डबा उघडला. गाडीच्या पूर्ण बोगीत फिरून आलो, कोणी जेवायचं थांबलंय का बघायला.