चुंबकाला न चिकटणारं लोखंड

सिहोरा
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. डिंपल,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. उन्हाळी धानाचे परहे, ती कोवळी रोपं, बोटभर वर आले. दुकानात जळालेल्या मोटारी वायंडिंगसाठी रांगेत आहेत. शेजारचा भोजराज रोज तुझी विचारपूस करतो, म्हणजे मला चिडवतो.

दिवाळीत तू ती सीलबंद कुपी आणली होती. आत तुझ्या लोखंडी अतिवाहकाचा काळा, चकचकीत कपचा. "बाबा, उघडू नका, यात संखिया पण आहे, विष." मी स्पीकरचं चुंबक काचेला लावलं. कपचा हललाही नाही. "यात लोखंड नाहीच," मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. भोजराज खिदळला, "पोरीले गोटा देऊन ठगवलं गा कोनी!"

तू हसली नाही. समजावलं, की यातला लोखंडाचा एकेक अणू चुंबकच आहे. आपल्या घरच्या उन्हात ते सैरभैर असतात. उणे एकशे तीस अंशांच्या खाली नेले की ओळीत उभे राहतात. एक ओळ इकडे तोंड करून, शेजारची तिकडे. ओढ सगळ्यांत, बाहेर बेरीज शून्य. दुसरं काही किंचित मिसळून ही ओढाताण दाबली आणि आणखी थंड केलं, तर वीज विनाअडथळा वाहते, म्हणून अतिवाहक. मला पटलं होतं. बोललो नाही, एवढंच.

तू पाठवलेला तसल्याच कपच्याच्या पृष्ठभागाचा, अणू दिसणारा फोटो दुकानातल्या काचेखाली लावला आहे. एक दुरुस्ती. "वरच्या थरातले अणू निघून गेले" असं लिहिलंस, ते अर्धवट आहे. तूच सांगितलं होतं, पापुद्रा सोलताना वरच्या थरातले बेरियमचे निम्मे अणू त्या तुकड्यासोबत गेले, निम्मे इथेच राहिले. आणि राहिलेले सरकले, नव्या ओळी धरून बसले. नीट लिहीत जा.

परवा स्वप्नात मी त्या फोटोवर अनवाणी चालत होतो. चिखल कोमट लागत होता. अणूंच्या ओळी म्हणजे बांधीत रोवलेलं धान, एकाआड एक ओळ मोकळी. तुझी आई पदर खोचून वाकलेली, होती तशीच. म्हटलं, "निर्मला, अर्धी बांधी रिकामी राहिली."

वर न बघता म्हणाली, "रिकामी कायले राहीन? सरकतेत ते. तुमी बी सरका ना जरासे!"

पाण्यातलं आभाळ हललं आणि जाग आली. ती गेल्यापासून माझी खाट हळूहळू तिच्या खिडकीपाशी आली आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलं, "आणखी तीन वर्षं जर्मनीतच राहू का?" मी म्हणालो, रेंज गेली. रेंज होती. माझ्यात एक ओळ "राहा" म्हणत होती, शेजारची "ये". बाहेर काहीच निघालं नाही. तुला वाटलं असेल, बाबाला ओढच नाही.

राहा, बेटा. काम पुरं करून ये.

तू ठेवून गेलेली कुपी आईच्या फोटोजवळ आहे. चुंबक लावून पाहणं सोडलं.

तुझाच,
बाबा