टेबलावर घेतलेली परीक्षा

श्रीरामपूर,
११ मार्च १९७३

ती. सौ. इंदूताईस,
सुमेधाचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. माझा खोकला गेला, काळजी नसावी. आमच्या दवाखान्यातल्या शिबिराचा पेपरातला फोटो तू शेजारीपाजारी दाखवलास हे वाचलं. म्हणून लिहिते.

जन्मताना मेंदूला इजा झालेली एकवीस मुलं आली होती. पुण्याच्या उपचार केंद्रात जागा नऊच. निवड तोल तपासून करायची होती. त्यासाठी मुलाला बुटक्या स्टुलावर, पाय जमिनीला टेकवून बसवतात आणि हलकंसं ढकलून बघतात, स्वतःला कसं सावरतं ते. पण पाहुण्यांना मागून दिसेना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी टेबल मागवलं. हार घातलेली माणसं चहा पीत बघत होती. मूल कलंडलं की हसत होती. मुलांची लाळ मी रोज पुसते, तिची कधी किळस आली नाही. त्या बशीतल्या फुरक्यांची आली.

पुणतांब्याची साळू, सात वर्षांची. तिला टेबलाच्या कडेला बसवलं, पाय लोंबकळते. तिची आई छबूबाई म्हणाली, "सायेब, पाय टेकले का बसती ती. घरी बसती."

"तुम्ही बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले. "कोणी धरू नका. सेकंद मोजा."

साळू तोंडावर पडली. पुढचे दोन दात गेले. फॉर्मवर लिहिलं गेलं, 'तोल नाही. उपचाराचा उपयोग नाही.'

लिहिलं गेलं, असं म्हणते आहे बघ मी. घड्याळ माझ्या हातात होतं, ताई. ती कलताना दिसत होती, हातभर अंतरावर. मी काटा बघत राहिले. फॉर्म मी भरला, सही माझी.

आठवड्यानं पुणतांब्याला गेले. छबूबाईनं पाणी दिलं. मी साळूला उंबऱ्यावर, पाय टेकवून बसवलं. चार मिनिटं बसली. ढकललं तर हात टेकून सावरली, आणि माझ्याकडे बघून रडायला लागली.

"आता तरी खरं लिवा, बाई," छबूबाई म्हणाली.

नवा अहवाल डॉक्टरांनी वाचून परत केला. "यादी गेली. पहिल्यावर सही तुमचीच ना? आपण चुकलो असं सांगायचंय?"

मी हो म्हणाले.

"मग दुसरी नोकरी बघा."

मी दोघींना घेऊन पुण्याला गेले. केंद्राच्या बाईंनी साळूला जमिनीवर बसवून तपासलं आणि दहावी म्हणून जूनपासून घेते म्हणाल्या. माझा पहिला फॉर्म त्यांनी माझ्यादेखत फाडला. परतीच्या गाडीत साळू आईच्या कुशीत झोपली होती. मी चादर सारखी करायला गेले तर झोपेतच अंग चोरून घेतलं तिनं.

नोकरी गेली, हे आईला सांग. कारणासकट सांग, काही झाकू नकोस. नाकारलेली आणखी अकरा मुलं आहेत, त्यांनाही टेबलावरच बसवलं होतं. उद्यापासून एकेकाच्या गावी जाणार आहे. पहिलं राजूर. कोणी दारात उभं करील की नाही, ठाऊक नाही.

बारा फॉर्मांवर सही केलेली,
तुझी सुमेधा