दाराबाहेर उभा राहणारा माणूस

आई, तो सिनेमा परवा मला मोबाईलवर सापडला. कोणीतरी त्याची फिकट पडलेली प्रत चढवली आहे आणि खाली लोकांनी आपापली मतं लिहिली आहेत. एकाने लिहिलंय, इतका चांगला खुनी भयपट लोक विसरले कसे. दुसऱ्याला तो टाकाऊ वाटला. तिसऱ्याची तक्रार अशी की दारापाशी उगाच फार वेळ घालवलाय, तिथे काहीच घडत नाही. ते वाक्य वाचलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला. सिनेमा अजून बघितलेला नाही. तेव्हाही नव्हता बघितला. तो मोठ्यांसाठीचा होता, मी अकरा वर्षांची होते, आणि आपल्या थिएटरच्या दारावर तूच उभी असायचीस.

तू उल्हासनगरच्या त्या थिएटरात बायकांच्या बाजूची डोअरकीपर होतीस. हातात बॅटरी आणि गळ्यात शिट्टी असायची. पुरुषांच्या दारावर एक काका होते, तंबाखू खाणारे, कमी बोलणारे. सणाला आपल्याकडे डबा घेऊन यायचे. तो सिनेमा लागला तेव्हा पहिल्याच दिवशी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मॅनेजर तुला म्हणाला, खेळ सुटला की दारात उभी राहा, लोक काय बोलतात ते ऐक आणि लिहून आण, दुसरा आठवडा ठेवायचा की नाही ते बघू. तुला स्वतःच्या अक्षराची लाज वाटायची. म्हणून घरी आल्यावर तू विठ्ठलवाडीच्या आपल्या खोलीत भाकऱ्या थापता थापता सांगायचीस आणि मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. माझ्यासाठी तो सिनेमा म्हणजे तेवढीच पानं. मुखवटा घातलेला एक माणूस बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीत कोयत्याने एकेकाला मारतो, एवढी गोष्ट मला त्यातूनच कळली.

कॉलेजची पोरं म्हणाली, "अर्धा पिक्चर काळोखच आहे, कोण कोणाला मारतोय समजतच नाय." एक सिंधी आजी म्हणाल्या, "डर कम, चिल्लाना ज़्यादा." बदलापूरकडचा एक शेतकरी दारात थांबून तुला हाताने दाखवायला लागला, "कोयता असा धरतंय काय कोण? पयल्याच घावाला निसटंल." त्यावर आपण दोघी हसलो होतो. मग तू तवा उतरवलास आणि म्हणालीस, "आणखी एक लिही. एक बाई म्हणाली, तो दाराबाहेर येऊन उभा राहतो आणि कडी वाजवत नाही, तेवढंच खरं आहे. बाकी सगळं खोटं." मी लिहिलं. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, ये क्या है. तू म्हणालीस, "ये भी पब्लिक है, साहब."

ती बाई रोज दुपारच्या खेळाला येत होती. तू तिला विचारलंस, असला सिनेमा रोज कशाला बघतेस बाई. ती म्हणाली, "इथे तीन तास मला शोधत कोणी येत नाही." ती उल्हासनगरातच, कॅम्प एकच्या वस्तीत राहायची, नवरा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायचा. गोड बोलायचा म्हणे, गल्लीत सगळ्यांना नमस्कार करायचा. घरी आला की आधी बराच वेळ दाराबाहेर नुसता उभा राहायचा. आत तिला त्याची सावली दिसायची आणि आज काय होणार हे ती त्या वेळात ओळखायची. हे तू मला लिहायला सांगितलं नाहीस. बाबांना सांगत होतीस, मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते.

गुरुवारी, त्या सिनेमाच्या शेवटच्या दिवशी, दुपारचा खेळ सुटायच्या आधीच तू तिला बाजूच्या दाराने बाहेर काढलंस आणि आपल्या घरी आणलंस. बदलापूरजवळ हेंद्रेपाड्याला तिचा भाऊ होता, त्याच्याकडे तू तिला पोहोचवणार होतीस. निघताना तू मला दंडाला धरून सांगितलंस, "आतून कडी लाव. बाबा येईपर्यंत उघडू नको. कोणी काही विचारलं तर मला माहीत नाही म्हण. एवढंच म्हण, कळलं?" बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून साडेसहाला यायचे. मी कडी लावली आणि वही घेऊन बसले.

चारच्या सुमाराला चाळीत सामसूम असते. नळ गेलेला, बायका आडव्या झालेल्या. दाराखालच्या फटीतून ऊन आत येतं, त्या उन्हात दोन पाय येऊन थांबतात. चपला तपकिरी आहेत, एकीचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. कडी वाजत नाही. हाक येत नाही. मी त्या पट्ट्याकडे बघत राहते. पाय हलत नाहीत. माझ्या जिभेला खारट चव येते, ओठ चावला गेला होता ते मागाहून कळलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग अगदी हळू, शिक्षक बोलतात तसा आवाज आला, "बाळ, आई आहे का गं घरात?"

आणि मी बोलले. आई नाही, ती त्या मावशींना घेऊन हेंद्रेपाड्याला गेलीय, मावशींच्या भावाकडे. "बरं," तो म्हणाला, आणि पाय उन्हातून निघून गेले.

तू परतलीस तेव्हा चाळीतले दिवे लागून गेले होते. तुझ्या पदरावर रक्त होतं आणि ते तुझं नव्हतं. तू तिच्या भावाच्या ओट्यावर चहा घेत असतानाच तो तिथे पोहोचला होता, कापड कापायची कात्री घेऊन. त्या बाईने तोंडावर हात घेतला म्हणून डोळा वाचला. पाड्यातल्या माणसांनी त्याला पकडून पोलिसांत दिलं. ती पुन्हा कधी त्याच्याकडे गेली नाही, अंबरनाथला एका बालवाडीत कामाला लागली. पण तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली.

ती कुठे गेली हे त्याला कोणी सांगितलं, ते तू मला विचारलंच नाहीस. बाजूच्या दाराने तुम्हाला जाताना त्या काकांनी बघितलं होतं, आणि थोड्या वेळाने तो माणूस त्यांच्याशी बोलताना कोणाला तरी दिसला होता. तुला तेवढं पुरलं. सगळ्या थिएटरसमोर तू त्यांना नाही नाही ते बोललीस. ते म्हणाले, "वहिनी, त्याने तुमचं घर विचारलं, पण मी सांगितलं नाही." आपलं घर तिथे सगळ्यांनाच माहीत होतं, कोणीही दाखवलं असतं. तू ऐकलं नाहीस. महिन्याभरात तू ती नोकरीही सोडलीस. तुझ्या अंत्ययात्रेला काका आले होते. आपल्या दारात आले नाहीत, रस्त्यापलीकडे चपला काढून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि आत गेले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की लहान होते, घाबरले होते, त्याने विचारलं म्हणून सांगितलं. हे कागद तुझ्यापर्यंत पोहोचायचे नाहीत आणि काकाही आता नाहीत, त्यांच्या मुलीकडे नेऊन द्यायची माझी हिंमत नाही, म्हणून इथेच लिहिते. त्याने फक्त तू घरात आहेस का एवढंच विचारलं होतं. ती कुठे आहे, हे त्याने विचारलंच नव्हतं. तो आपल्या दारातून जावा म्हणून ते मी आपणहून सांगितलं.