सईच्या रायफलचा ढिला स्क्रू

मंगळवार संध्याकाळ, रायपूर

माझ्या लेकीच्या, सईच्या एअर रायफलसाठी आज पेचकसांचा सेट आणला. दुकानदार म्हणाला, "भैया, जो खाँचे में पूरा बैठे वही लगाना, नहीं तो पेच कट जाएगा." घरी रायफलची पेटी उघडली, तर नळीला लाकडाशी धरून ठेवणाऱ्या स्क्रूची खाच आधीच कुरतडल्यासारखी. स्क्रू ढिलाही होता. म्हणजे घाईत, भलत्याच कशानं तरी, कोणीतरी तो फिरवला. शनिवारी सिलेक्शन आहे, अन् पोट्टीचे नेम मागच्या हप्त्यापासून भरकटून राहिले. मी तिलेच बोलत होतो.

कोणी केलं असेल? क्लबातल्या दुसऱ्या पोट्टीच्या बापानं? पण पेटी तर घरीच असते. मग नितीन, माझा साळा? नोकरी शोधायला आला तेव्हापासून इथंच आहे, अन् दिसेल ते खोलून पाहते.

जेवताना विचारलंच. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "भाऊजी, मी नाही हात लावला." नाही लावला, तर मान खाली काहून? ती कुरतडलेली खाच डोळ्यासमोरून जातच नव्हती.

तेवढ्यात सई म्हणाली, "मामा को मत बोलो, पापा. मैंने ढीला किया, चाकू से. मामा ने बस देख लिया था."

"पण काहून, बेटा?"

"हार गई तो आप रायफल को डाँटोगे, मुझे नहीं."

हात धुताना तिनं विचारलं, "कल रेंज जाना है?"

मी म्हटलं, "तू सांग."

अजून तिनं सांगितलं नाही. मीही परत विचारलं नाही.