डॅश अनावश्यक

३ जानेवारी, सकाळ
नवी वही, जुना देह. आधी घरच्या मंडळींची विचारपूस करतो, मग कामाला लागतो.
गुडघे, कसे आहात? डावा म्हणतो बरा आहे. उजवा रुसलाय. रुसू दे, घरचाच आहे. कंबर? कुरकुरते, पण तिला कुरकुरल्याशिवाय करमत नाही. डोळे? चष्म्यासकट उत्तम. दात? ग्लासात आहेत, खुशाल आहेत. हृदय? त्याच्याकडून काही निरोप नाही. न बोलणारा माणूस सुखी असतो असं धरून पुढे जातो.
यंदाचा संकल्प एकच. हे घर सोडायचं नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड काय सुंदर! या उजेडात मी अर्धविराम न् अर्धविराम पकडलाय. गेल्या महिन्यात बायको बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडून बसली, तेव्हापासून लेकीचा धोशा चाललाय, आमच्याकडे तळमजल्यावर राहायला या. पाय घसरला बाथरूममध्ये, नाव वाईट जिन्याचं.

७ जानेवारी
हाडांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. हिला हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा स्कॅन सांगितलाय. माझ्याकडे बघून म्हणाले, काका, तुम्हीही करून घ्या. मी हसलो. म्हटलं, हाडं ठिसूळ होणं हे बायकांचं दुखणं. ही म्हणाली, का, पुरुषांना काय हाडं नसतात? मग हिला सोबत म्हणून मीही यंत्राखाली आडवा झालो.
लेकीशी करार झाला. हाडं चांगली निघाली तर आम्ही इथेच. नाही निघाली तर मुकाट सामान बांधायचं. ताबडतोब मंजूर केलं. सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. लोक मला हाडाचा मुद्रितशोधक म्हणायचे. हाडाचा! भाषाच साक्षीला उभी आहे, स्कॅन कशाला?

१० जानेवारी
रिपोर्ट आले. हिचा: टी-स्कोअर, डॅश, १.४. माझा: टी-स्कोअर, डॅश, २.९. दुप्पट! दुपटीलाही वर थोडं उरलं!
छपाई मात्र भिकार. आधी कोलन दिलाय, त्याच्यापुढे पुन्हा डॅश. दोन्ही कशाला? लाल पेनने दोघांचेही डॅश उडवले आणि समासात लिहिलं, ‘डॅश अनावश्यक’. माझ्या कागदावर खाली ‘ऑस्टिओपोरोसिस’ असं ठळक छापलंय. ते विभागाचं नाव असणार, वरून घसरून खाली आलंय. जुळणीतली नेहमीची चूक.
लेकीला फोन करून छातीठोकपणे आकडा सांगितला. ती म्हणाली, बाबा, म्हणजे चांगलं की वाईट? म्हटलं, तुझ्या आईच्या दुप्पट. ती गप्प झाली. हरली बिचारी.

१४ जानेवारी
डॉक्टरांनी मला पाठीचा एक्स-रेही सांगितला होता, तो काढला. खोलीतला टेक्निशियन फिल्मकडे बघत म्हणाला, काका, कण्यासमोरच्या मोठ्या धमनीत बरंच कॅल्शियम दिसतंय, डॉक्टरांना नक्की दाखवा. म्हटलं, दाखवतो की! हाडांत मावेना म्हणून बाहेर सांडलंय. श्रीमंताच्या घरी असंच असतं.
तरी गाफील राहू नये. येताना कॅल्शियमच्या गोळ्यांची मोठी बाटली घेतली. औषधवाल्याने विचारलं, डॉक्टरांनी सांगितल्यात का? म्हटलं, मी काय आजारी आहे का? आता सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. हिला एकच. झेपेल तेवढंच घ्यावं माणसाने.

२० जानेवारी
शिंप्याशी वाजलं. जुन्याच मापाच्या पॅन्ट्स शिवायला टाकल्या होत्या, तर पायघोळ निघाल्या. चालताना झाडू मारल्यासारखं होतं. हा गृहस्थ म्हणतो, साहेब, कापड तेवढंच आहे, तुम्ही कमी झालात. माणसाने धंद्यात थोडी लाज बाळगावी. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, बेसिनवरचा आरसा वर सरकलाय म्हणून तुम्ही परवा सुताराला बोलावणार होतात ना? मग शिंप्यालाच विचारा, तोही त्यानेच सरकवला का.
टोमणा होता. मनगट दुखत असलं की माणूस चिडका होतो.

२५ जानेवारी
हिच्या व्यायामाची जबाबदारी घेतली आहे. मी खुर्चीत बसून सूचना देतो. ताठ उभी राहा म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही आधी सरळ बसा, मग मला कळेल सरळ म्हणजे काय. शिष्य कमालीचा उर्मट आहे. पण मुळात गुणी. एका हाताने सगळं घर चालवते.
डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायचे राहिलेत. घाई कसली? पहिला आलेला मुलगा गुणपत्रिका घेऊन दारोदार हिंडत नाही.
रविवारी लेक येते आहे. तिची उरलीसुरली शंका प्रात्यक्षिकाने फेडायची. बाइंडिंगहून आलेले शब्दकोशाचे जाडजूड खंड खालच्या दुकानात ठेवलेत. ते मी एका खेपेत वर आणणार. ती खिडकीतून बघेल.

२८ जानेवारी, रविवार
प्रात्यक्षिक बहुतांशी यशस्वी.
दुसऱ्या मजल्यापर्यंत तरुणासारखा आलो. तिथे जरा ॲसिडिटी झाली. छाती आवळल्यासारखी, डावा हात जड, घाम. मागच्या थंडीतही याच पायरीवर झाली होती. ॲसिडिटीला नेमकी हीच पायरी का आवडते, कळत नाही. टेकलो, उठलो. खंड आणले. लेकीने पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसली. तिचं लक्ष दुसरीकडे वळवायला म्हणून अडकलेली खिडकी जोर लावून वर ढकलली.
कट्.
खिडकीचं काहीतरी मोडलं बहुतेक. जुनं लाकूड आहे.
तूर्त जमिनीवर पडूनच लिहितो आहे. उठवत नाही. लेक फोनवर कुणाशी तरी बोलते आहे. खिडकी उघडली मात्र.

३० जानेवारी
मोडलं ते खिडकीचं नव्हतं.
डॉक्टरांनी स्कॅनचे कागद हातात घेतले, लाल खूण बघितली आणि विचारलं, हे कुणी खोडलं? मी अभिमानाने हात वर केला. अर्ध्यात पाठीने खाली आणला. ते म्हणाले, काका, हा डॅश नाही. हे उणे आहे.
उणे! तरुण हाड म्हणजे शून्य, आणि त्याच्या खाली जेवढं जावं तेवढं हाड पोकळ. म्हणजे हिचं थोडं कमी आणि माझं दिवाळं. ‘ऑस्टिओपोरोसिस’ हे विभागाचं नाव नव्हतं, माझंच ठिसूळ हाडांचं दुखणं होतं. परवा एक मणका दबला. दोन आधीच कधीतरी न सांगता दबलेत. म्हणून आरसा वर गेला. शिंपी खरा निघाला. त्याची माफी मागायला हवी. जमल्यास हिच्यामार्फत.
धमनीतल्या कॅल्शियमबद्दल मीच उत्साहाने विषय काढला. ते म्हणाले, जिथे हवं तिथे नाही आणि जिथे नको तिथे बसलंय. ठिसूळ हाडं आणि कडक झालेल्या रक्तवाहिन्या पुष्कळदा जोडीने येतात, कारणं अजून सगळी उलगडलेली नाहीत. आणि ती बाटली स्वतःच्या मनाने कुणी सुरू केली? मी खिडकीबाहेर बघितलं. दवाखान्याची ती खिडकी सहज उघडणारी होती.
मग म्हणाले, हाडं झपाट्याने बांधणारं एक इंजेक्शन आहे, पण वर्षभरात हृदयाचा झटका येऊन गेला असेल तर आम्ही ते देत नाही. तुमच्या छातीत कधी दुखलंय? मी छातीठोकपणे सांगितलं, कधीच नाही.
ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. म्हणाली, अहो, आणि मागच्या थंडीत दुसऱ्या मजल्यावर घामाघूम होऊन बसला होतात, ते काय पायरीची प्रुफं तपासत होतात? परवा पुन्हा तिथेच बसलात, मी वरून बघत होते. मला मनगटाचं काही वाटत नाही डॉक्टर, पण हा माणूस मला शेवटपर्यंत ॲसिडिटीच सांगत राहील.
तिचा आवाज कापला. इतक्या वर्षांत डबा घेऊन छापखान्यात आली की यंत्रांच्या खडखडाटातून हाक मारतानाही तो कधी कापला नव्हता.
डॉक्टरांनी लिहीत असलेली चिठ्ठी थांबवली. म्हणाले, काकू, बरं झालं बोललात. मी तेच इंजेक्शन लिहीत होतो. आता आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे. सगळ्या तपासण्या होऊ देत, मग हाडांचं औषध त्यांना विचारून ठरवू.

४ फेब्रुवारी
लेकीचं घर, तळमजला. उजेड बेताचा. करार मी स्वतःच मंजूर केला होता, त्यामुळे भांडायला जागा नाही. सामान हिने एका हाताने बांधलं. मी पाठीचा पट्टा बांधून खुर्चीतून सूचना दिल्या. या वेळी तिने एकही ऐकली नाही.
हृदयाच्या तपासण्या काल झाल्या. निकाल यायचाय. ही दिवसभर फोन हातात घेऊन फिरते आहे.
दुपारी स्कॅनचे कागद काढले. आमच्या धंद्यात चुकून काही खोडलं गेलं तर त्याच्या खाली टिंबं देतात. अर्थ असा, की खोडू नका, होतं तसं राहू द्या. दोन्ही उणेंच्या खाली टिंबं दिली. आधी हिच्या, मग माझ्या. समासातलं ‘अनावश्यक’ खोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझीच दुरुस्ती मागे घेतली.
गुडघे, कंबर, मणके, तुमचं सगळं कळलं. हृदयराव, तुम्हाला मी सुखी धरून चाललो होतो, राग मानू नका. आता जे असेल ते लवकर कळवा, बाहेर एक बाई फोन धरून बसली आहे. फक्त उणे असेल तर अक्षरात ‘उणे’ लिहा. चिन्ह दिलंत तर मी खोडेन.