हार घातलेला फोटो

प्रीतम,

जय भीम. तू दोन सालापासून फोन उचलून नाही राहिला, म्हून शेजारच्या रश्मीजवळून फेसबुक उघडून घेतलं. तिनं फोटो मांगतला. मी फ्रेमवालाच देल्ला. मेल्यावर तुमची धावपळ नको म्हून अचलपुरात हारासकट करून ठेवला होता.

झालं, लोकायनं मले मारूनच टाकलं. चाळीस जणायच्या श्रद्धांजल्या आल्या. तुया मामीनं माया सयपाकाची तारीफ केली, जितेपणी कधी केली नाही. मले लय हसू आलं.

मंग तुयं नाव दिसलं. तूबी नुसते हात जोडले होते. मी चार दिवस फोन हातात घिऊन बसली. मायले माती कोणं देल्ली, एवढं तरी पुसशीन म्हटलं.

रश्मी म्हणते, "मावशी, फोटो बदलू." मी म्हटलं, "राहू दे वं, पोरानंबी मानलं."

हे पत्र टाकत नाही. मेल्या बाईचं अक्षर पाहून भेशीन.

तुयी माय,
कालकथित चतुराबाई